विमानाच्या मालाची श्वानतपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतून विमानानं माल पाठवणारे मराठी निर्यातदार, तिथल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यकर्ते आणि मालाच्या गोदामात नव्यानं कामाला लागलेली मुलं यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक उत्तरं अमेरिकेतल्या व्यवस्थेबद्दल आहेत, कारण खासगी श्वानपथकांचा सर्वात मोठा वापर तिथंच होतो. भारताबद्दलचा प्रश्न १५ वा आहे.

१. एअर कार्गो कुत्र्याकडून तपासून घेतात म्हणजे नेमकं काय करतात?

गोदामात पॅलेट, म्हणजे लाकडी तळावर रचून गुंडाळलेले मालाचे ढीग, ठरावीक अंतर सोडून रांगेत मांडतात. हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा माणूस, त्याला पट्ट्यावर घेऊन रांगेच्या बाजूनं चालतो आणि हातानं दाखवत त्याच्याकडून कडा, सांधे, पॅलेटखालच्या फळ्यांमधल्या फटी हुंगून घेतो. खोकी फोडत नाहीत, प्लॅस्टिकचं वेष्टन काढत नाहीत. स्फोटकाचा वास आला तर कुत्रा तिथंच बसतो किंवा थिजून उभा राहतो. तो भुंकत नाही, पंजानं उकरत नाही. स्फोटकाला धक्का लागू नये म्हणून त्याला पहिल्यापासून हेच शिकवलेलं असतं. वास आला नाही तर माल तपासल्याची नोंद होते आणि तो विमान कंपनीकडं सोपवायला मोकळा होतो.

२. माझी कागदपत्रं चोख आहेत, फॉरवर्डर (माल विमान कंपनीकडं पोचवणारा एजंट) मला दहा वर्षं ओळखतो. तरी तपासणी का?

अमेरिकेच्या २००७ च्या कायद्यात कागद पाहणं किंवा पाठवणाऱ्याची ओळख पटवणं याला एकट्यानं तपासणीचा दर्जाच दिलेला नाही. एक्स-रे, स्फोटक शोधणारी यंत्रं, स्फोटकाचे अंश टिपणारी यंत्रं, प्रमाणित श्वानपथक, किंवा यादीशी ताडून हातानं केलेली झडती, या मान्य पद्धती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याच्या चौकशी आयोगानं केलेल्या शिफारशींवर हा कायदा उभा आहे. प्रवासी विमानातल्या निम्म्या मालाची तपासणी फेब्रुवारी २००९ पर्यंत आणि सगळ्या मालाची ऑगस्ट २०१० पर्यंत व्हायला हवी, असं त्यानं बजावलं होतं.

यामागं माणसं गेलेली आहेत, हे विसरू नये. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्यापाशी समुद्रात कोसळलं आणि ३२९ जण गेले. बाँब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. १९८८ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमान कोसळून २७० जण गेले, तेव्हाही बाँब सामानातूनच आला होता. विमानाच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी तपासलेली असावी, हा आग्रह तिथून आला.

३. एक्स-रे मशीन असताना कुत्रा कशाला?

कारण प्रत्येक पॅलेट एक्स-रेच्या बोगद्यात मावत नाही, आणि जे मावतं त्याचं चित्र नेहमी वाचता येतंच असं नाही. ओतीव लोखंडाचे सुटे भाग, बर्फात दाबून भरलेली मासळी, एकावर एक घट्ट रचलेल्या कागदाच्या थप्प्या यांचं चित्र नुसतं काळं येतं. मग पॅलेट मोडा, एकेक खोका तपासा, पुन्हा रचा, पुन्हा गुंडाळा. त्यात तास जातात, औषधांची थंड साखळी तुटते, फुलं कोमेजतात, आणि हाताळताना माल फुटतो तो वेगळाच. कुत्र्याला पॅलेट मोडावं लागत नाही.

उलट बाजूही आहे. एक्स-रेवर वायर, बॅटरी, डिटोनेटरचा आकार दिसतो. कुत्र्याला तो दिसत नाही, त्याला फक्त वास कळतो. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद मला निरर्थक वाटतो.

४. हे कुत्रे सरकारचे असतात का?

विमानतळावर प्रवाशांच्या रांगेत दिसतात ते बहुतेक टीएसएचे, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे. टीएसएकडं देशभर हजाराहून जास्त पथकं आहेत आणि त्यांचं प्रशिक्षण टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या लॅकलँड तळावर होतं. या कामाची सुरुवात मात्र १९७२ ची. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेलं टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं विमान धमकीमुळं परत फिरवलं, आणि ब्रँडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीनं स्फोटाला काही मिनिटं उरली असताना बाँब शोधून काढला. त्याच वर्षी सरकारी श्वानपथकांचा कार्यक्रम सुरू झाला.

मालाच्या गोदामात आता दिसतात ते बहुधा खासगी कंपन्यांचे. २०१८ च्या ऑक्टोबरात झालेल्या कायद्यानंतर, वर्षाच्या अखेरीस टीएसएनं 'थर्ड पार्टी के-नाइन कार्गो' हा कार्यक्रम सुरू केला. कंपनी कुत्रे आणि हँडलर पुरवते, टीएसएनं मान्यता दिलेला स्वतंत्र परीक्षक त्या जोडीची परीक्षा घेतो, आणि नियम टीएसएचे असतात. प्रमाणपत्र एकट्या कुत्र्याला मिळत नाही, विशिष्ट कुत्रा आणि विशिष्ट हँडलर अशा जोडीला मिळतं, आणि परीक्षा दर वर्षी नव्यानं द्यावी लागते. हँडलर बदलला की जुनं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही.

५. माझा माल प्रवासी विमानानं जातच नाही, फक्त मालवाहू विमानानं जातो. मला हे लागू आहे का?

माल अमेरिकेबाहेर जाणार असेल तर लागू आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार ३० जून २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मालवाहू विमानांतल्या मालालाही प्रवासी विमानांसारखीच सुरक्षा लागते. त्या तारखेनंतर खासगी श्वानपथकांची मागणी एकदम वाढली, कारण मालवाहू विमानानं जाणारी धुडं एक्स-रेत घालायची सोयच नव्हती. सुरक्षित पॅकिंग केंद्र म्हणून मान्यता घेऊन, मुळातच देखरेखीखाली माल भरायचा, असा आणखी एक रस्ता टीएसएनं ठेवला आहे. दर आठवड्याला एकाच प्रकारचा माल पाठवणाऱ्या कारखान्यानं त्याची चौकशी जरूर करावी.

६. सगळं खोकं टेप लावून, प्लॅस्टिक गुंडाळून बंद आहे. आतला वास बाहेर येतोच कसा?

पुठ्ठा, टेप, पॅकिंगचं प्लॅस्टिक यांतलं काहीच पूर्ण हवाबंद नसतं. वेळ मिळाला की आतल्या पदार्थाचे कण आणि वाफ कडांमधून झिरपतात. म्हणूनच नुकताच ठेवलेला पदार्थ शोधणं अवघड आणि काही तास तसाच राहिलेला सोपा. कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हुंगतो, आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून सोडतो. त्यामुळं समोरचा वास उधळला जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला या विषयातली सर्वात विलक्षण वाटते. आरडीएक्स किंवा पीईटीएन या स्फोटकांची स्वतःची वाफ अत्यंत कमी असते. सी-४ सारखं आरडीएक्सचं प्लॅस्टिक स्फोटक कुत्रा ओळखतो ते बरेचदा त्यात मिसळलेल्या किंवा बनवताना उरलेल्या द्रावकांच्या वासावरून. लॉकरबीनंतर १९९१ मध्ये माँट्रिअलला एक आंतरराष्ट्रीय करार झाला. प्लॅस्टिक स्फोटकं बनवतानाच त्यांत सहज वाफ होणारा एक ओळखीचा पदार्थ मिसळायचा, असं त्यात ठरलं. डीएमएनबी हे त्यांतलं सर्वात जास्त वापरलं जाणारं रसायन, आणि कुत्र्यांना ते फार लवकर कळतं. चोरून घरी बनवलेल्या स्फोटकांत मात्र ते नसतं. म्हणून प्रशिक्षणात खऱ्या स्फोटकांचे अनेक प्रकार वापरावे लागतात, आणि ते साठवताना एकाचा वास दुसऱ्याला लागू नये याची काटेकोर काळजी घ्यावी लागते. वास मिसळले तर कुत्रा चुकीचं शिकतो, आणि हे लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही.

७. कुठल्या जातीचे कुत्रे असतात?

लॅब्राडॉर, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, विझ्ला, बेल्जियन मॅलिनॉ, जर्मन शेफर्ड. जातीपेक्षा खेळण्याची हाव महत्त्वाची. चेंडूसाठी वेडा झालेला कुत्रा शंभर पॅलेट हुंगून कंटाळत नाही, कारण त्याच्या लेखी तो चेंडू मिळवण्याचा खेळ असतो.

८. पार्सलमध्ये हिंग, गरम मसाला, अत्तर असेल तर कुत्रा गोंधळतो का?

तीव्र वासानं स्फोटक झाकलं जाईल हा समज चुकीचा आहे. आमटीला फोडणी दिली की आपल्याला आमटीचा एक वास येतो, कुत्र्याला मोहरी, हिंग आणि कढीपत्ता वेगवेगळे कळतात. प्रशिक्षणात मुद्दाम कॉफी, मसाले, साबण ठेवतात, आणि त्यांकडं दुर्लक्ष करणाऱ्या कुत्र्यालाच पुढं घेतात. त्रास होतो तो सांडलेल्या तिखटाचा किंवा मिरपुडीचा. ती नाकात गेली की कुत्र्याला काही वेळ काम करता येत नाही. म्हणून मसाल्याची पिशवी आधी नीट सील करा, मग खोक्यात भरा.

९. विमानतळावर आमच्या बॅगा हुंगून आंबे पकडणारा बीगल तो हाच का?

नाही. तो शेतीमालाच्या कीड-रोगांसाठी नेमलेल्या 'बीगल ब्रिगेड'मधला, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेला. तो फळं, मांस, कढीपत्ता शोधतो, स्फोटकं नाही. अमली पदार्थांचे कुत्रे तिसरेच. एकाच कुत्र्याला स्फोटकं आणि अमली पदार्थ दोन्ही शिकवत नाहीत, कारण तो बसल्यावर हँडलरला इमारत रिकामी करायची की खोका उघडायचा हे कळायला हवं.

१०. कुत्रा माझ्या मालापाशी बसला तर पुढं काय? माझ्यावर गुन्हा दाखल होतो का?

कुत्रा बसला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. तो माल तिथंच थांबतो आणि शंका मिटल्याशिवाय विमानात जात नाही. कुठल्या क्रमानं काय करायचं हे 'संवेदनशील सुरक्षा माहिती'त मोडतं आणि कायद्यानं ते उघड करता येत नाही. म्हणून गोदामातला माणूस तुम्हाला सगळं सांगत नसेल तर तो उद्धटपणा समजू नका. तुमच्या हाती एवढंच की मालाचं वर्णन मोघम नसावं आणि फोन लागावा. 'घरगुती वस्तू' लिहिलेलं खोकं 'पितळी समई, १२ नग' लिहिलेल्या खोक्यापेक्षा जास्त वेळ अडकतं.

११. कुत्रा खोटा इशारा देतो का?

देतो, आणि दोन प्रकार नीट वेगळे केले पाहिजेत.

पहिल्या प्रकारात वास खरा असतो, धोका नसतो. रीतसर घोषित केलेली शिकारीची काडतुसं, अमोनियम नायट्रेट असलेलं खत, किंवा दिवाळीचे फटाके ज्यात ठेवले होते तेच खोकं पुन्हा वापरलेलं. इथं कुत्रा चुकलेला नाही. मंडळांना कळकळीनं सांगणं आहे की फटाक्यांची जुनी खोकी मालासाठी वापरू नका.

दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे, आणि त्यात दोष बहुतेक वेळा पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ प्रमाणित जोड्या घेतल्या, त्यांनी १४४ वेळा शोध घेतला. कुठंही शोधायचा वास ठेवलेलाच नव्हता. पण हँडलरना सांगितलं होतं की काही ठिकाणी वास आहे आणि तिथं कागदाची खूण असेल. २२५ इशारे नोंदले गेले, सगळे चुकीचे, आणि फक्त २१ शोध स्वच्छ निघाले. खूण केलेल्या जागी इशारे जास्त होते. कुत्र्यानं माणसाचं चालणं, थबकणं वाचलं, किंवा माणसानं कुत्र्याच्या साध्या हालचालीला इशारा मानलं. यावर औषध एकच, ते म्हणजे वास कुठं लपवलाय हे हँडलरलाही माहीत नसेल अशी परीक्षा, आणि काही वेळा तर कुठंच वास न ठेवता घेतलेली परीक्षा. पथक नेमताना या परीक्षांबद्दल विचारा (प्रश्न १६ पाहा).

१२. आणि उलट झालं, स्फोटक असून कुत्र्याला कळलंच नाही तर?

तेही घडू शकतं. २०१० च्या ऑक्टोबरात येमेनहून शिकागोकडं पाठवलेल्या दोन प्रिंटरच्या टोनरमध्ये पीईटीएन भरलं होतं. एक पार्सल दुबईत सापडलं, दुसरं इंग्लंडच्या ईस्ट मिडलँड्स विमानतळावर. इंग्लंडमध्ये पहिल्या तपासणीत काहीच हाती लागलं नव्हतं. दुबईतून माहिती आल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हा बाँब मिळाला. गुप्तवार्ता नसती तर काय झालं असतं हा प्रश्न या क्षेत्रातल्या प्रत्येकानं स्वतःला विचारला आहे. ही दोन्ही पार्सलं साधा माल म्हणून निघाली होती, आणि दुबईत सापडलेलं तर वाटेत प्रवासी विमानांनी आलं होतं.

दुसरं उदाहरण माणसांच्या अप्रामाणिकपणाचं आहे. ११ सप्टेंबरनंतर व्हर्जिनियातल्या एका कंत्राटदारानं सरकारी इमारतींना स्फोटक शोधणारे कुत्रे पुरवले. २००२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेत गुपचूप चाचणी घेतली, तेव्हा डायनामाइट आणि टीएनटी भरलेल्या गाड्या त्याच्या पथकानं सरळ आत सोडल्या. २००३ मध्ये तो फसवणुकीबद्दल दोषी ठरला. त्याचे कुत्रे रोज पट्ट्यावर फिरत होते, लोकांना दिलासा देत होते आणि काहीही शोधत नव्हते. आजचा स्वतंत्र परीक्षकांचा नियम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. कुत्र्याच्या नाकाबद्दल मला शंका नाही. पण ज्या पथकाची अचानक, अनोळखी माणसाकडून परीक्षा होत नाही, त्याच्यावर मी माल सोपवणार नाही.

१३. कुत्रा दिवसभर काम करू शकतो का?

सलग नाही. धापा टाकणारा कुत्रा हुंगत नाही, कारण हवा नाकाऐवजी तोंडातून जाते. जुलैत टेक्सासच्या गोदामात हा प्रश्न फार लवकर येतो. म्हणून मोठ्या गोदामात दोन-तीन कुत्रे पाळीपाळीनं काम करतात. बाकीचे वातानुकूलित गाडीत विश्रांती घेतात. विमानाचा कटऑफ, म्हणजे माल स्वीकारायची शेवटची वेळ, जवळ आला म्हणून दमलेल्या कुत्र्याकडून आणखी एक रांग करून घ्यायचा आग्रह कुणी धरला, तर हँडलरनं नकार द्यायला हवा, आणि गोदामाच्या मॅनेजरनं त्या नकाराच्या मागं उभं राहायला हवं.

१४. कुठला माल कुत्र्याकडून तपासून घेऊ नये?

ड्राय आइस असलेला माल बंद जागेत नको. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो, आणि कुत्र्याचं नाक तिथंच असतं. गळणारी रसायनं, नुकतं कीटकनाशक मारलेला माल, जिवंत प्राण्यांचे पिंजरे यांसाठी दुसरी पद्धत शोधावी. सीलबंद धातूचे ड्रम किंवा खरोखर हवाबंद डबे असतील तर वास बाहेर येण्याची शक्यता कमी, त्यामुळं फॉरवर्डरला आधीच कल्पना द्या.

मंडळांकडून एक नाजूक प्रश्न येतो: गणपतीची मूर्ती किंवा पूजेचं साहित्य कुत्र्यानं हुंगलेलं चालणार नाही, काय करावं? कुत्रा बंद खोक्याच्या बाहेरून हुंगतो, आतल्या वस्तूला त्याचा स्पर्श होत नाही. तरीही मनाला पटत नसेल तर बुकिंगच्या वेळीच एक्स-रे मागा. खोकं यंत्रात मावत असेल तर बहुतेक फॉरवर्डर मान्य करतात. माल रांगेत लागल्यावर सांगितलं तर विमान चुकतं.

१५. मी मुंबईहून अमेरिकेला माल पाठवतो. तिथंही हे कुत्रे असतात का?

भारतात नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे बीसीएएसचे. कनिष्कच्या घटनेनंतरच १ एप्रिल १९८७ ला बीसीएएस स्वतंत्र विभाग झाला. विमानतळांवर सीआयएसएफची श्वानपथकं आहेत, पण प्रश्न ४ मध्ये सांगितलेली अमेरिकी खासगी व्यवस्था भारतातून निघणाऱ्या मालाला लागू नाही. तुमचा माल कुठल्या पद्धतीनं तपासला हे तुमच्या एजंटला विचारा, त्याच्याकडं नोंद असते.

मुंबईला या कुत्र्यांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्राडॉरनं तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिलं. त्याचं प्रशिक्षण पुण्यात झालं होतं. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला फुलं वाहून मानानं निरोप दिला.

१६. आमच्या गोदामासाठी खासगी पथक नेमायचं आहे. काय विचारावं?

दर शेवटी विचारा. आधी जोडीचं चालू प्रमाणपत्र आणि त्यावरची तारीख पाहा. मग विचारा: प्रश्न ११ मधल्यासारखी अंध परीक्षा किती वेळा होते, ती कोण घेतं, गेल्या वेळी कुत्रा चुकला तेव्हा तुम्ही काय केलं? 'आमचा कुत्रा कधी चुकत नाही' असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी शोधा. सरावासाठी खरी स्फोटकं वापरता का, त्यांच्या साठवणुकीचा परवाना आहे का? राखीव कुत्रा किती अंतरावर असतो? आणि कुत्र्याला प्रत्यक्ष काम करताना पाहा. शेपूट उत्साहात हलत असेल, नाक कडांवरून फिरत असेल तर ठीक. नुसता पॅलेटसमोरून चालत जात असेल तर तो फिरायला आला आहे.

१७. एकदा तपासलेला माल पुन्हा तपासावा लागतो का?

ताबा तुटला तर हो. तपासणीनंतर माल मान्यताप्राप्त लोकांच्याच ताब्यात, नजरेखाली किंवा सीलबंद राहिला पाहिजे. ट्रक वाटेत कुलूप न लावता उभा राहिला, सील फाटलेलं निघालं, किंवा तपासलेल्या पॅलेटवर कुणी न तपासलेला एक खोका चढवला, तर त्याला तपासलेला माल म्हणता येत नाही. शेवटची चूक सर्वात जास्त घडते, आणि ती घाईत, चांगल्या हेतूनं घडते. राहून गेलेला खोका वेगळा तपासून घ्या किंवा पुढच्या विमानानं पाठवा.

१८. निवृत्त झालेला कुत्रा आम्हाला दत्तक घेता येईल का?

पहिला मान हँडलरचा, आणि बहुतेक हँडलर त्याला सोडत नाहीत. टीएसएचे उरलेले कुत्रे, तसंच प्रशिक्षणात न टिकलेले तरुण कुत्रे, सॅन अँटोनियोहून दत्तक मिळतात. घ्यायला स्वतः तिथं जावं लागतं आणि घराला कुंपण घातलेलं अंगण लागतं. खासगी कंपन्यांचे नियम आपापले असतात, तिथं थेट विचारा. घरात लहान मुलं असतील तर ते अर्जात लिहाच. हे कुत्रे प्रेमळ असतात, पण चेंडू दिसला की वाटेत कोण उभं आहे हे पाहत नाहीत.